जाळलेले रोखे, लिहिलेले समापत्र : 1875 च्या सुपे-कळस प्रकरणातील बंडखोर मन

1

'विद्रोह' हा आपल्या समीक्षाव्यवहारातील प्रतिष्ठित शब्द आहे. 1972 मध्ये दलित पँथरची स्थापना झाली आणि त्या दशकात मराठी कवितेच्या चर्चेत हा शब्द मध्यवर्ती ठरला. पुढे तो इतका रुळला की एखाद्या लेखनाला विद्रोही म्हटल्यानंतरही त्याच्या अंतरंगाविषयी काही सांगायचे उरते, याचा आपल्याला विसर पडू लागला. याच्या नेमकी उलट स्थिती शासनाच्या आणि वैद्यकाच्या परिभाषेत आढळते. तेथे अवज्ञा, प्रतिकार, उद्दामपणा यांची नोंद दोष म्हणून होते. अमेरिकेतील सॅम्युएल कार्टराइट या वैद्याने 1851 मध्ये मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांच्या वर्तनाला 'ड्रॅपेटोमेनिया' असे रोगाचे नाव दिले होते, हे उदाहरण सुपरिचित आहे. 1980 मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात मुलांच्या विरोधी वर्तनाला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. या दोन घटना एका मापाने मोजता येणार नाहीत. पहिलीत मालकाचे हितसंबंध विज्ञानाचा वेष घेतात, तर दुसरीत त्रस्त मुलांना आणि कुटुंबांना साहाय्य करण्याचा प्रामाणिक हेतू आहे. तरीही 'हा माणूस विरोध का करतो?' या प्रश्नाचे उत्तर विरोधाच्या विषयात न शोधता विरोध करणाऱ्याच्या प्रकृतीत शोधण्याची प्रवृत्ती दोहोंतही संभवते, आणि ती तपासून घ्यावी लागते.

समीक्षक विद्रोहाचा गौरव करतो, प्रशासक त्याचा बंदोबस्त करतो. परंतु दोघांचेही एक गृहीत समान असते. बंड ही भावनेच्या उद्रेकाची बाब आहे, विचाराची नव्हे, असे दोघेही मानून चालतात. एकाला तो उद्रेक पवित्र वाटतो आणि दुसऱ्याला धोकादायक, एवढाच काय तो भेद. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी एका मर्यादित प्रकरणाच्या आधारे करावयाची आहे. बंडखोराच्या मनात क्रोध असतो हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र तो क्रोध कशावर पडतो, काय वगळतो आणि रिकाम्या झालेल्या जागी काय मांडतो, हे पाहिल्यावाचून त्या मनाविषयी काही बोलणे अकाली ठरते.

2

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव स्थापत्याच्या अभ्यासकांना माहीत आहे ते मल्लिकार्जुनाचे प्राचीन देऊळ, त्यापुढील पुष्करणी आणि वराहाचे शिल्प यांमुळे. ज्यांना शेतीच्या इतिहासात रस आहे त्यांच्यासाठी या गावाची ओळख वेगळी आहे. सुपे, मोरगाव यांच्यासह ते तालुक्याच्या जिरायत पट्ट्यात मोडते. 1885 मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि तालुक्याचा नदीकडचा भाग हळूहळू बागायती होत गेला. हा पट्टा मात्र मुख्यतः पावसाच्या भरवशावर राहिला. कालव्यापूर्वीच्या काळात तर सगळा मुलूखच असा होता. पाऊस आला तर बाजरी-ज्वारी, नाही आला तर सावकार, अशी येथील कुणब्याच्या वर्षाची मांडणी होती. सुप्याचा आठवड्याचा बाजार ही या मुलखाची एकत्र येण्याची जागा. तेथे जे घडले ते एका गावाचे नव्हते, आसपासच्या साऱ्या जिरायत गावांच्या अनुभवाचे होते.

या परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. ब्रिटिशांनी मुंबई इलाख्यात जमीनमोजणीचे आणि सारा आकारणीचे जे प्रयोग केले, त्यांची सुरुवातीची भूमी इंदापूर होती. प्रिंगल याची 1828 च्या सुमारास सुरू झालेली आकारणी अपयशी ठरल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36 मध्ये येथूनच नवी पद्धत बसवली, आणि पुढे तीच इलाखाभर पसरली. म्हणजे शेताचे क्षेत्र, प्रत आणि सारा कागदावर आणून शेतकऱ्याला व्यक्तिशः सरकारशी जोडण्याचा व्यवहार प्रथम याच मातीत रुजला. 30 वर्षांची मुदत संपल्यावर 1867 मध्ये इंदापुरात फेरआकारणी झाली आणि साऱ्यात भरीव वाढ झाली. नंतर ती शेजारच्या भीमथडी तालुक्यातही आली. आज बारामती तालुक्यात असलेले सुपे त्या वेळी भीमथडीत होते.

मधल्या काळात दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवी युद्धाच्या वर्षांत कापसाचे भाव चढले, पैसा खेळू लागला आणि पतही वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले, पण कर्ज तसेच राहिले. दुसरी गोष्ट कायद्याची होती. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला थोड्या वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता, परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. ज्याला वाचता येत नाही अशा माणसाने त्यावर निशाणी करायची आणि पुढे दिवाणी न्यायालयाने तो रोखा निर्विवाद पुरावा मानून हुकूमनामा द्यायचा, असा हा क्रम होता.

डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी ठिणगी पडली. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने सुमारे 150 रुपयांच्या हुकूमनाम्यावर तेथील बाबासाहेब देशमुख यांचे घर मिळवले आणि ते पाडायला काढले. गावाने सावकारावर बहिष्कार घातला. त्याचे शेत कोणी करेना, पाणी भरेना, हजामत करेना. बहिष्काराची ही चाल गावोगाव पसरली. 12 मे 1875 रोजी, बुधवारी, सुप्याच्या बाजाराच्या दिवशी जमलेल्या लोकांनी गुजर सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. दुकाने लुटली गेली, वह्या आणि रोखे बाहेर काढून जाळण्यात आले. तेथून हे लोण पुणे आणि त्या वेळच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील गावांत पोचले. 951 माणसे पकडली गेली आणि 501 जणांना शिक्षा झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालातून 'डेक्कन रायट्स' हे नाव रूढ झाले आणि मराठीत त्याचेच 'दख्खनचे दंगे' झाले.

3

येथे पहिला प्रश्न उपस्थित होतो तो नावाचा. 'दंगा' या शब्दात दिशाहीनता गृहीत आहे. दंग्याला विषय नसतो, केवळ निमित्त असते. परंतु आयोगाने गोळा केलेली माहितीच या शब्दाला छेद देते. जमावाचे उद्दिष्ट जवळजवळ सर्वत्र एकच होते, ते म्हणजे रोखे, हुकूमनामे आणि वह्या मिळवून त्यांचा नाश करणे. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तेथे बहुधा पुढे काही घडले नाही. जेथे त्याने नकार दिला तेथे दांडगाई झाली. इजा झाल्याची आणि घरे-गंजी पेटवल्याची उदाहरणे आहेत. त्यांवर पांघरूण घालणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरीही दोन जिल्ह्यांत पसरलेल्या उठावात सावकारांच्या कत्तली झाल्या नाहीत, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. ज्याच्या हाती माणूस सापडला आहे तो माणसाऐवजी कागद मागतो, तेव्हा त्याने काहीतरी निवडलेले असते.

जमावाच्या मानसशास्त्राचा आद्य प्रवक्ता मानला जाणारा गुस्ताव ल बाँ याने 1895 मध्ये असे प्रतिपादन केले की जमावात व्यक्तीचा विवेक लोपतो आणि आदिम वृत्ती वर येतात. सुप्याचा जमाव या प्रतिपादनात बसत नाही. त्यात विवेक लोपलेला दिसत नाही, उलट सामुदायिक विवेकाची एक शिस्त दिसते. टेड गर याने 1970 मध्ये मांडलेली सापेक्ष वंचनेची कल्पना अधिक उपयुक्त आहे. माणसे केवळ दारिद्र्यामुळे बंड करीत नाहीत, आपल्याला जे मिळायला हवे असे त्यांना वाटते आणि जे प्रत्यक्ष मिळते, यांतील अंतर वाढल्यावर करतात. कापसाची तेजी आणि तिच्यानंतरची मंदी या चौकटीत व्यवस्थित बसते. परंतु अशा अंतरातून बंड का झाले याचे उत्तर मिळाले, तरी ते असे का झाले याचे मिळत नाही. भाव पडल्याचा राग कागदावर का निघावा?

जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये प्रतिक्रियात्मक विरोधाचा एक सिद्धान्त मांडला. त्याच्या मते, माणसाला आपले म्हणून वाटणारे एखादे स्वातंत्र्य हिरावले जात आहे अशी जाणीव झाली की ते परत मिळवण्याची प्रेरणा त्याच्यात जागृत होते, आणि विरोध हे त्या प्रेरणेचे दृश्य रूप असते. कर्ड्याची घटना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कर्ज जुने होते, कर्जदार असणे ही गावात लाजेची बाब नव्हती. नवे होते ते घर पाडणे. ज्या घराभोवती गावातील मानाची व्यवस्था उभी होती ते 150 रुपयांच्या कागदाने जमीनदोस्त होऊ शकते, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. म्हणून जे हिरावले गेले त्याला केवळ जमीन किंवा पैसा म्हणता येणार नाही. व्यवहारात समोरासमोर बोलण्याचा, मुदत मागण्याचा, पडत्या वर्षात सांभाळून घेण्याची अपेक्षा करण्याचा जो अलिखित अधिकार होता, तो हिरावला गेला होता. ई. पी. थॉम्पसन यांनी अठराव्या शतकातील इंग्लंडमधील धान्याच्या दंगलींविषयी 1971 मध्ये लिहिताना ज्याला 'नैतिक अर्थव्यवस्था' म्हटले, त्याच्या जवळ जाणारे हे आहे.

4

इतिहासकारांत या प्रकरणाविषयी एकमत नाही. रविंदर कुमार यांनी 1968 मध्ये त्यामागे कुणबी आणि वाणी यांच्या संबंधांतील बदल आणि गावाच्या जुन्या एकोप्याचे विघटन पाहिले. नील चार्ल्सवर्थ यांनी 1972 मध्ये या उठावाच्या व्याप्तीचे आणि परिणामांचे वर्णन अतिरंजित असल्याचे म्हटले. हा मतभेद महत्त्वाचा आहे, परंतु आपल्या विषयाला अधिक जवळचे आहेत ते रणजित गुहा. 1983 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी शेतकरी बंडांना एक जाणीव असते, एक व्याकरण असते, असे प्रतिपादिले. बंडखोर शत्रूच्या सत्तेची चिन्हे ओळखतो आणि ती उलथवतो. त्या चिन्हांत लेखन हे प्रमुख असते. निरक्षराच्या दृष्टीने कागद हे माहितीचे साधन नसून वर्चस्वाचे चिन्ह असते, म्हणून तो जाळला जातो. गुहांनी याची दुसरी बाजूही दाखवली आहे. 1855 च्या संथाळ उठावात सिदो आणि कान्हू यांनी ईश्वराकडून आलेल्या कागदाचा दाखला दिला होता. शत्रूची विद्या येथे दैवी रूपात आपलीशी केली जाते.

सुप्याची होळी या विवेचनात सहज सामावते. पण इंदापूर तालुक्यातील कळस या गावचा एक कागद त्यात पूर्णपणे सामावत नाही.

बहिष्काराच्या काळात कळसच्या गावकऱ्यांनी एक समापत्र केले, म्हणजे सर्वांनी मिळून केलेला लेखी करार. आयोगाच्या कागदपत्रांतून तो आपल्यापर्यंत आला आहे. त्याचा आशय थोडक्यात असा होता. गुजरांची शेते कोणी करू नयेत आणि त्यांची चाकरी कोणी धरू नये. जो धरील त्याचे काम गावच्या न्हाव्याने, परटाने आणि इतर बलुतेदारांनी करू नये. त्याला जेवणावळीत घेऊ नये आणि त्याच्याशी सोयरीक करू नये. समापत्रात क्रोधाचे शब्द शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. त्याची घडण करारनाम्याची आहे. अट, अटीचा भंग आणि भंगाचा परिणाम, अशी ती सरळ मांडणी आहे.

ज्या महिन्यांत या मुलखात कागद जाळला जात होता त्याच सुमारास तेथेच कागद लिहिलाही जात होता. या दोन कृतींना परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. त्या एकत्र वाचल्या की बंडखोराची भूमिका स्पष्ट होते. त्याचा आक्षेप लेखनाला नाही, विशिष्ट प्रकारच्या लेखनाला आहे. रोखा दोघांच्या नावे लिहिलेला असला तरी तो एकाने रचलेला असतो. ऋणकोची निशाणी त्यावर असते, वाणी मात्र नसते. त्यात कालच्या व्याजाचे आजचे मुद्दल कसे झाले याचा इतिहास पुसलेला असतो. समापत्र याच्या उलट आहे. ते ज्यांच्यावर बंधनकारक आहे त्यांच्यासमोर, त्यांच्या संमतीने, त्यांना ऐकवून केलेले आहे. जुन्या मराठी महजरांत आणि गोतसभेच्या निवाड्यांत हीच पद्धत होती. लिहिणारा कुलकर्णी असे, पण कागदाला बळ येई ते हजर असलेल्यांच्या साक्षीने आणि पाटलाच्या नांगराच्या निशाणीने. कळसच्या लोकांनी नवे काही शोधून काढले नाही. लेखनाची जी जुनी रीत त्यांना ठाऊक होती, तिचा आधार घेऊन त्यांनी नव्या रीतीला नाकारले. संथाळांचा कागद आकाशातून आला होता, कळसचा कागद चावडीवरच्या रीतीतला आहे. निरक्षर म्हणजे लेखनाच्या बाहेरचा, ही आपली समजूत येथे अपुरी पडते. अक्षर न वाचताही माणसाला कागद वाचता येतो. कोण लिहितो, कोणासमोर लिहितो आणि नंतर तो कोणाच्या पेटीत राहतो, हे त्याला कळते.

5

बंडखोर मनाचा आणखी एक पुरावा अफवेत आहे. आयोगासमोर अशी एक कथा आली की कोणा मारवाडी सावकाराने एका इंग्रज साहेबाचीच मालमत्ता जप्त करवली, साहेबाने विलायतेत राणीकडे अर्ज केला आणि मारवाड्यांनी आपले रोखे परत द्यावेत असा हुकूम तेथून सुटला. ही कथा भोळेपणाचे लक्षण म्हणून बाजूला सारता येईल. डॅनियल फील्ड यांनी 1976 मध्ये रशियातील शेतकऱ्यांच्या झारनिष्ठेविषयी लिहिताना अशा भोळेपणाकडे वेगळ्या नजरेने पाहिले आहे. झारच्या नावाने केलेली अवज्ञा ही बंडखोराला उपयोगी पडणारीही गोष्ट असते. सुप्याच्या परिसरातील या कथेतही एक कसब आहे. साहेबालाही सावकार नागवू शकतो, ही कल्पना करणाऱ्याने सावकार आणि सरकार यांच्यात एक फट निर्माण केली आहे. त्या फटीतूनच कायदा मोडणारी कृती कायद्याची अंमलबजावणी म्हणून करता येते.

येथे मानसशास्त्राच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. बंड करण्यापूर्वी माणसाला आपण गुन्हेगार नाही हे स्वतःला पटवावे लागते. केवळ रागाने हे साधत नाही. त्यासाठी एखादी उच्चतर सत्ता, एखादी आधीची रीत किंवा एखादी कथा हवी असते, जिच्या संदर्भात आपली अवज्ञा हीच खरी आज्ञाधारकता ठरते. म्हणूनच बंडखोर स्वतःला क्वचितच बंडखोर म्हणवतो. ते नाव त्याला बहुधा दुसरा कोणीतरी देतो.

6

इतके म्हटल्यावर या मनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अन्यथा प्रशासकाच्या दोषारोपाऐवजी समीक्षकाचा गौरव, एवढीच अदलाबदल होईल.

पहिली मर्यादा लक्ष्याच्या निवडीची. जमावाने लक्ष्य केले ते मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांना. गावातीलच ब्राह्मण आणि अन्य सावकारांना बहुतेक ठिकाणी वगळले गेले, आणि सारा वाढवणाऱ्या सरकारला तर कोणी हातच लावला नाही. याची दोन वाचने शक्य आहेत. गावात राहणारा, लोकांच्या सुखदुःखात असणारा सावकार आणि केवळ व्यवहारापुरता आलेला सावकार यांत लोकांनी नैतिक भेद केला, हे एक. परका चेहरा हा रागाला सर्वांत सोयीचा पत्ता असतो, हे दुसरे. माझ्या मते दोन्ही खरी आहेत आणि त्यांना एकमेकांपासून सुटे करता येत नाही. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी सारावाढीच्या परिणामाकडे लक्ष वेधले होते. शेतकऱ्याला हा परिणाम कळत नव्हता असे नाही. पण सारा मागणारा हात दूर होता आणि रोखा दाखवणारा हात दारात होता.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. समापत्राचे हत्यार बहिष्काराचे होते. न्हावी, परीट, पंगत, सोयरीक यांची नाकेबंदी हे गावाच्या हातातले सर्वांत जुने शस्त्र, आणि ते प्रामुख्याने वापरले गेले जातीची मर्यादा ओलांडणाऱ्यांविरुद्ध. 1927 च्या महाड सत्याग्रहानंतर अस्पृश्यांवर जे बहिष्कार घातले गेले त्यांची रीत समापत्राहून भिन्न नव्हती. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा 2016 मध्ये करावा लागला, इतकी ही रीत चिवट निघाली. कळसच्या समापत्रात बलुतेदार हे कराराचे साधन आहेत. ज्याच्या सेवेला नकार म्हणून वापरले जात होते, त्या न्हाव्याच्या मनात काय होते, हा प्रश्न तो कागद विचारत नाही. 1890 मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. तेथे तोच वस्तरा, तोच नकार, पण निर्णय न्हाव्याचा होता. एकाच कृतीत बंड कोणाचे आणि आज्ञापालन कोणाचे, हे पाहिल्याखेरीज तिचे मोल ठरवता येत नाही.

जोतीराव फुले यांनी हे ओळखले होते. 'शेतकऱ्याचा असूड' या 1883 मधील ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ केवळ सावकारात न पाहता अविद्येत आणि तिचा लाभ उठवणाऱ्या लेखणीबहाद्दर वर्गांत पाहिले. सुप्याच्या जमावाने जेथे हात थांबवला तेथून फुल्यांचे विश्लेषण पुढे जाते. जमावाने एक कागद जाळला, फुल्यांनी सर्वच कागदांमागील अधिकाराची विभागणी विचारात घेतली.

7

उठावानंतर चार वर्षांनी, 1879 मध्ये, दोन गोष्टी घडल्या. पुण्यातील लष्करी हिशेब कचेरीत कारकुनी केलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी आणि अन्य सहकाऱ्यांसह याच जिल्ह्यात बंड उभारले आणि सावकारांची घरे लुटली. निराशेच्या दिवसांत श्रीशैल येथे मल्लिकार्जुनाच्या सान्निध्यात त्यांनी आत्मवृत्त लिहिले. त्याच वर्षी ते पकडले गेले आणि त्यांचे ते लेखन, रोजनिशीसह, त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात आले. 1883 मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. फडक्यांकडे प्रथमपुरुषी एकवचनी लेखन होते, म्हणून त्यांचे मन आपल्याला वाचता येते असे वाटते. सुप्याच्या माणसांकडे तसे काही नव्हते. त्यांच्या बाबतीत आपल्या हाती आहे ते 'आम्ही' या अनेकवचनातले कळसचे समापत्र आणि जळालेल्या कागदांची नोंद. आपली समीक्षा पहिल्या प्रकारच्या पुराव्याला सरावलेली आहे. दुसऱ्या प्रकारचा पुरावा तिला मूक वाटतो, आणि म्हणून ती तेथे 'उद्रेक' हा शब्द भरून मोकळी होते.

दुसरी गोष्ट म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य करण्यासाठी झालेला कायदा. त्यातील तरतुदी पाहण्यासारख्या आहेत. शेतकऱ्याचे रोखे ग्राम-निबंधकासमोर लिहिले जावेत, पैसे भरल्याची पावती आणि खातेपुस्तक ऋणकोला मिळावे, दाव्याची मुदत वाढावी, आणि न्यायालयाने रोखा अंतिम न मानता त्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असे त्यात होते. या कायद्याने दारिद्र्य हटले नाही आणि सावकारी थांबली नाही. परंतु ज्या राज्यकर्त्यांनी उठावाला दंगा म्हटले त्यांनी त्याचे उत्तर मात्र कागदाच्या सुधारणेच्या रूपाने दिले, ही गोष्ट बोलकी आहे. दंग्याला शिक्षा असते, आक्षेपाला दुरुस्ती असते. शासनाने दोन्ही दिले. म्हणजे जमावाच्या कृतीतील आक्षेप त्याला कळला होता.

रोख्याच्या मागे जाण्याचा जो अधिकार 1879 मध्ये न्यायालयाला मिळाला, तो समीक्षेला पूर्वीपासून आहे. संहिता जे सांगते त्याच्या मागे जाऊन ती कोणी, कोणासमोर, काय पुसून लिहिली हे विचारणे हे आपले कामच आहे. हे काम आपण साहित्यकृतीच्या बाबतीत करतो आणि बंडाच्या बाबतीत टाळतो. बंडखोराला आपण एक तर रोगी ठरवतो, नाही तर मूर्ती करून पूजतो. दोन्ही मार्गांनी त्याला प्रश्न विचारण्याची आणि त्याचे उत्तर ऐकण्याची गरज उरत नाही. सुपे आणि कळस येथील माणसांना असे काही प्रश्न विचारता आले, आणि त्यांची काही उत्तरे मिळाली. त्यांनी काय नाकारले? निशाणी घेऊन वाणी काढून घेणारे लेखन. काय वगळले? माणसाचा जीव, गावचा सावकार आणि सरकार. पहिल्यात विवेक आहे, उरलेल्या दोहोंत विवेकाबरोबर भय आणि आपपरभावही आहे. त्या जागी काय मांडले? सर्वांसमोर केलेला करार, ज्यात जुन्या अन्यायाचे अवजारही होते.

लोणी भापकरच्या परिसरात आज त्या दिवसांची दृश्य खूण नाही. देवळे दगडाची होती म्हणून राहिली. रोखे जळून गेले, आणि ते नाहीसे व्हावेत हीच त्या माणसांची इच्छा होती. ज्यांच्या यशाचे मोजमाप पुरावा नाहीसा होण्यात आहे, त्यांचा इतिहास लिहिताना पुराव्याच्या अभावालाही वाचावे लागते. 'विद्रोही' हे विशेषण यापुढे एखाद्या कवितेला किंवा कादंबरीला लावताना, तिने काय जाळले एवढेच न पाहता त्या जागी काय लिहिले आणि कोणाच्या हाताने लिहिले, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर या मुलखातील त्या निनावी माणसांकडून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.